अर्धा चमचा अस्सल

परदेशात अस्सल आमटी खायची, तर माझ्याच खानावळीत! हे मी नाही म्हणत, दारावरची पाटी म्हणते. (ती मीच रंगवली, हा भाग वेगळा.)

त्या दिवशी परीक्षकबाई येणार होत्या. पास झालो तर ‘अस्सल’चं प्रमाणपत्र, नापास झालो तर पाटी उतरवायची! मी निर्धास्त होतो. साक्षीला खुद्द आई आली होती, तीही पहिल्यांदाच. बायकोने तेवीस वर्षांपूर्वी फोनवर जिच्याकडून आमटी लिहून घेतली, ती गंगोत्रीच माझ्या टेबलावर!

परीक्षकबाई पेन सरसावून समोर बसल्या. आईने भुरका मारला आणि ती ओरडली, “अरे मेल्या, आमटीत कॉफी कुणी घातली?”

“तुम्हीच सांगितलंत, आई!” बायको वही घेऊन धावली. “हे बघा. चिंच, गूळ, मग ‘अर्धा चमचा कॉफी घाल’.”

आईने कपाळावर हात मारला. “अगं, ते मी तुझ्या नणंदेला सांगत होते! दारात पाहुणे उभे, त्यांना कॉफी नको?”

तेवीस वर्षं! आणि हिने तर ही आमटी इथल्या आपल्या झाडून साऱ्या बायकांना शिकवलेली!

“काय म्हणताहेत त्या?” मराठी न कळणाऱ्या परीक्षकबाईंनी विचारलं.

“डोळे भरून आले म्हणते,” मी ठोकून दिलं.

“खोटं कशाला?” ही कडाडली. “कॉफी आहे म्हणून सांगा! चोरी केलीय का आपण?”

सांगितलं. बाईंचं पेन थांबलं. आईने पदर खोचला, बिनकॉफीची आमटी केली आणि आमच्या जुन्या गिऱ्हाइकापुढे, टॅक्सीवाल्या काकांपुढे ठेवली. एका घोटातच काकांनी वाटी सरकवली.

“ही कुठली भेसळ? आमची अस्सल आणा!”

मग मला चेव आला. “बघितलंत, बाई? आमची पोरं याच आमटीवर वाढली! आजारी पडली की हीच मागतात! तिकडची तिकडे अस्सल, आमची इथे अस्सल. पाटी उतरणार नाही! काय लिहायचं ते लिहा!”

आईने कॉफीवाल्या आमटीपुढे वाटी धरली. हिने विजयी मुद्रेने पातेल्यात आणखी अर्धा चमचा कॉफी ढवळली आणि त्याच चमच्याने बाईंसाठी कॉफी केली.

आठवड्याने प्रमाणपत्र आलं. ‘आमटी : अस्सल. कॉफी : नापास, डाळीचा वास येतो.’

आता चमचा एकच आहे हो आमच्याकडे!