उलगड्याचा चहा आणि एक काळीज

अंगणात शेवटचा फुगा बांधून ओदेतबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, तेव्हा त्यांच्या विहीणबाई झुल्मीरा ओट्याशी उभ्या होत्या आणि त्यांच्या तळहातावर कोंबडीचं एक काळीज होतं. कलेजी नव्हे, हृदय; सुपारीएवढं, गुलाबी, स्वच्छ धुतलेलं. झुल्मीरा त्याच्याकडे असं बघत होती, जसं सोनार दुसऱ्या सोनाराच्या दागिन्याकडे बघतो.

“हे काय चाललंय?”

“परीक्षा,” झुल्मीरा म्हणाली.

“पेपर कोणी काढला?” ओदेतबाईंनी विचारलं. त्या चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि निवृत्ती त्यांनी मनावर घेतलेली नव्हती.

त्या दिवशी जुसाराचा, म्हणजे ओदेतबाईंच्या गर्भार सुनेचा, उलगड्याचा चहा होता. चहा आपला नावाला. त्या गावात असा चहा म्हणजे दुपारभर निखाऱ्यावरचं मांस, गार बिअर, पाहुण्यांनी आणलेल्या लंगोटांच्या पिशव्यांचा डोंगर, आणि शेवटी केक. केक कापला की आतलं सारण गुलाबी निघालं तर मुलगी, निळं निघालं तर मुलगा. दवाखान्याचं बंद पाकीट जुसाराने स्वतः न उघडता केकवाल्या मार्लूसियाच्या हातात दिलं होतं. पोटातल्या बाळानंतर ही गोष्ट जगात फक्त मार्लूसियाला ठाऊक होती.

झुल्मीराला हे पाकीट-प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. गल्लीतल्या एकतीस बायकांना तिने आधी सांगितलं होतं, मुलगा की मुलगी, आणि एकतीसच्या एकतीस वेळा खरं निघालं होतं. त्यातली एक जुसाराची आई, म्हणजे झुल्मीराची धाकटी बहीण. ती गेली तेव्हा जुसारा चार वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू घालून, शाळेत सोडून, तिच्या पहिल्या प्रेमभंगात तिच्याबरोबर दोन दिवस उपाशी राहून झुल्मीराने वाढवलं. आता या बाळाची धर्ममाता आपण व्हावं, बाप्तिस्म्याच्या वेळी ते आपल्या हातात असावं, एवढंच तिचं मागणं होतं. मागणं तोंडाने केलेलं नव्हतं, कारण तीच इच्छा ओदेतबाईंचीही होती आणि त्यांनी ती तोंडाने, मोठ्याने, तीनदा बोलून दाखवली होती.

जुसारा बिचारी मधल्या मध्ये. एक मावशी, एक सासू. कोणालाही नाही म्हटलं तर जन्माचं वैर. म्हणून परवा ओदेतबाईंनीच तोडगा काढला होता: तुमचे ते चमचे-काटे आणि केक यांचं उत्तर जुळलं, तर धर्ममाता तुम्ही. नाही जुळलं, तर मी. जुसाराने लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की झुल्मीराला थोडं लागलंच.

तर परीक्षा तीन होत्या. पहिली उशांची. दोन खुर्च्या, दोन उशा, एकीखाली काटा, दुसरीखाली चमचा. गर्भारीण कोणी न सांगता जिथे बसेल ते खरं. काटा म्हणजे मुलगा, चमचा म्हणजे मुलगी. जुसारा आली, हुश्श करून बसली, उशीखालून काटा निघाला. निळ्या फुग्यांकडच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ओदेतबाईंनी हरकत घेतली की, ती खुर्ची पंख्याखाली आहे. सहा महिन्यांची पोटुशी बाई अशा उकाड्यात पंख्याखालीच बसणार, तिथे विळा ठेवला असता तरी बसली असती. सगळ्यांनी मान डोलावली. परीक्षा रद्द.

दुसरी मिठाची. तिच्या नकळत टाळूवर चिमूटभर मीठ टाकायचं. हात आधी डोक्याला गेला तर मुलगी, नाकाला गेला तर मुलगा. पण जुसाराने सकाळीच केस बसवून घेतले होते आणि त्यांच्यावर इतका फवारा मारला होता की, तिला मीठ काय, वीट पडली असती तरी कळलं नसतं. पाऊण तास सगळं अंगण तिच्या हातांकडे टक लावून होतं. शेवटी एक फुगा फुटला, ती दचकली, आणि तिचे दोन्ही हात एकदम गेले ते पोटाकडे. हे कुठल्याच शास्त्रात बसत नव्हतं.

राहिली तिसरी, आणि झुल्मीराच्या मते एकच खरी. काळजाला मधोमध हलकी चीर द्यायची आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. फुलासारखं उघडलं तर मुलगी, मिटलेलं राहिलं तर मुलगा. झुल्मीराने जुसाराच्या हातून चीर देववली, काळीज छोट्या पातेलीत टाकलं, झाकण ठेवलं आणि गॅस बारीक केला.

नेमकं तेव्हाच बाहेर पुरुषांची शर्यत सुरू झाली. लहान बाळांच्या बाटलीतून बिअर, चोखून, जो आधी संपवेल तो. जुसाराचा नवरा गिल्सोन जिंकायच्या भरात बूच चावून बसला आणि त्याला असा ठसका लागला की, बायकांना वाटलं बाप बाळाआधीच जातो की काय. झुल्मीरा धावली. त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले, वर ‘बापाला बाटली झेपत नाही, पोराला काय पाजणार’ असं सुनावलं, आणि परत आली. दहा मिनिटं गेली असतील. गॅस बंद होता. पातेलीत पाणी होतं. काळीज नव्हतं.

तिने पातेली वाकडी करून पाहिली. ओटा पाहिला, ओट्याखाली पाहिलं, मांजर पाहिलं. मांजर झोपलं होतं आणि त्याच्या तोंडावर गुन्हेगाराचा भाव नव्हता.

मग तिला निखाऱ्यांचा वास आला आणि ती अंगणाकडे धावली. कारण त्या मुलखात निखाऱ्यावर भाजायची सगळ्यात आवडती वस्तू कुठली विचाराल, तर सळईला ओवलेली कोंबडीची काळजं.

शेगडीवर वाल्देसीर होता, गिल्सोनचा मामा. गेली वीस वर्षं घरातल्या प्रत्येक कार्याला तोच भाजायला उभा राहायचा आणि त्या कामात देवालाही लुडबूड करू देत नसे. त्याने सरळ कबूल केलं.

“एका सळईला सात लावतो मी. शेवटच्या सळईला सहाच भरली. आत पाणी प्यायला गेलो तर पातेलीत एकटंच पडलेलं. म्हटलं, कोणीतरी उकडून विसरलं. गॅस बंद केला, लावलं.”

“अरे, ते बाळाचं होतं.”

“बाळाला दात तरी आलेत का, ताई?”

झुल्मीराने शेगडी थांबवली. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. ती एकेक सळई उचलून उजेडात धरू लागली. चीर कुठे दिसेना. मग ताटं तपासली. चाळीस माणसं घास हातात धरून बसली होती, कोणी गिळायला धजावेना. ज्यांचं खाऊन झालं होतं, त्यांना गिल्सोन एकेक करून विचारत सुटला की, तुम्ही खाल्लेल्यात एखादं बिनमिठाचं लागलं का. एका काकांनी तर काळीज खाल्लंच नाही असं शपथेवर सांगितलं आणि त्यांच्या बायकोने त्यांच्या खिशातून तीन रिकाम्या सळया काढून दाखवल्या. यात दीड तास गेला. सावलीत ठेवलेला केक आता सावलीत राहिला नव्हता. आंब्याची सावली केव्हाच कुंपणापर्यंत सरकली होती. पण केककडे बघायला कोणाला सवड होती?

शेवटी वाल्देसीरलाच आठवलं. शेवटची सळई चांगली खरपूस झाली होती. तशी सळई तो मानाच्या पाहुण्याला देतो.

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. आंब्याखाली फादर अन्सेल्मो फारोफ्याचे, म्हणजे भाजलेल्या कसाव्याच्या पिठाचे, शेवटचे कण बोटाने टिपत बसले होते.

फादर आले होते गर्भारणीला आशीर्वाद द्यायला. गेल्याच रविवारी त्यांनी झुल्मीरा दुसऱ्या बाकावर बसलेली असताना प्रवचनात सांगितलं होतं की, परमेश्वराचं मन चमच्या-काट्यांच्या खणात सापडत नसतं. आता झुल्मीरा त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली. तिने विचारलं की, फादर, एक काळीज उकडलेलं होतं का. फादर म्हणाले, असेल. मग तिने ज्यासाठी दीड तास घालवला होता ते विचारलं.

“उघडं होतं की मिटलेलं?”

फादरांनी रुमाल काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. म्हणाले, ते जेवताना ताटात बघत नाहीत, देवाचे आभार मानतात.

“डोळे मिटून?”

“शक्यतो,” फादर म्हणाले आणि पाणी मागायला उठून गेले.

इथे ओदेतबाईंचा धीर सुटला. पुरे झाला हा खेळ, असं म्हणून त्यांनी मुलाच्या आणि सुनेच्या हातात सुरी दिली. चाळीस माणसांनी उलटे आकडे मोजले. केक कापला गेला, एक फोड आडवी झाली, आणि चाळीस डोकी तिच्यावर वाकली.

सारण गुलाबी नव्हतं. निळंही नव्हतं. उन्हात फुटलेलं जांभूळ जसं दिसतं तसा काहीसा काळपट, जांभळा, दुःखी रंग होता तो.

चूक कोणाची हे ओदेतबाईंनी फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं समजावून सांगितलं. बाळाच्या केकमध्ये बाजारी रंग नकोत असा जुसाराचाच हट्ट होता. म्हणून मुलगी असेल तर बीट आणि मुलगा असेल तर जांभळ्या कोबीचा रस खायच्या सोड्याने निळा करून, असं मार्लूसियाशी ठरलं होतं. बीट उन्हात काळवंडतं. कोबीचा निळा लिंबाच्या सारणात जांभळा होतो. दोन वाटा, मुक्काम एकच. आणि दीड तास ऊन कशामुळे लागलं, हे मला सांगायला लावू नका.

मार्लूसियाला फोन लावले. ती दुसऱ्या गावी लग्नाचा केक घेऊन निघाली होती, आणि तीन मजली केक मांडीवर असताना ती यमाचाही फोन घेत नसे. दवाखाना रविवारचा बंद.

जुसारा पायरीवर बसली. सुजलेल्या पायांतल्या चपला तिने काढून टाकल्या. तिने दुपारभर हसून घेतलं होतं, आता तिचे ओठ थरथरायला लागले. तीन आठवडे पाकिटात काय आहे ते न विचारता काढले होते पोरीने.

“मावशी,” ती म्हणाली, “तू सांग.”

अंगणातले सगळे डोळे झुल्मीरावर आले. दुपारी जे तिच्या काट्या-चमच्याला हसत होते, तेही. तिने काहीही सांगितलं असतं तरी लोकांनी त्या रंगाचे फुगे फोडले असते. अर्धी शक्यता तिच्या बाजूची होती, आणि त्या अर्ध्यावर धर्ममातेचा मान होता. झुल्मीराचं तोंड उघडलं. मग तिने त्या पायरीवरच्या मुलीकडे पाहिलं, जिला तिने आजवर, नाताळबाबाच्या मिशा खऱ्या आहेत याखेरीज, एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती.

“मला माहीत नाही गं,” ती म्हणाली. “मी बघितलंच नाही.”

एकतीस पोटांनंतर तिच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा निघालं. कोणीतरी खोकलं. तो खोकला फादर अन्सेल्मोंचा होता. ते पाण्याचा पेला घेऊन दारात उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

“उघडं होतं,” ते म्हणाले.

“काय, फादर?”

“काळीज. सळईला सहा मिटलेली होती, एक उघडं. पाकळ्यांसारखं.” ते घोटभर पाणी प्यायले. “मीठही नव्हतं त्याला. मी यातून कसलाही निष्कर्ष काढत नाही. फक्त जे पाहिलं ते सांगतोय.”

पण निष्कर्ष काढायला चाळीस माणसं होती. त्रेचाळीस गुलाबी फुगे मिनिटभरात फुटले. गिल्सोन आधी बायकोला, मग मावशीला, मग चुकून फादरांना मिठी मारून आला. वाल्देसीर सगळ्यांना सांगत होता की, सळई त्याची होती. तो जांभळा केकही संपला. चवीला तो फार छान होता.

पाच वाजता मार्लूसियाचा फोन आला. लग्नाचा केक सुखरूप पोचला होता. आणि हे काय विचारता, म्हणाली, दोन किलो बीट किसलं मी, बोटं अजून लाल आहेत.

पाहुणे पांगायला लागले तेव्हा दोघी विहिणी स्वयंपाकघरात होत्या. झुल्मीरा घासत होती, ओदेतबाई पुसत होत्या. ओदेतबाई म्हणाल्या की, बाप्तिस्म्याचा पांढरा झगा त्या स्वतः शिवतील, पण बाळाला धरायचं तुम्ही, ठरलं ते ठरलं. झुल्मीराने मान डोलावली. मग तिने तीच पातेली दुसऱ्यांदा घासली.

“एक सांगू का, विहीणबाई,” ओदेतबाई म्हणाल्या. “तुमच्या जागी मी असते ना, तर काहीतरी ठोकून दिलं असतं.”

“मीही देणारच होते.”

“मग?”

“पोरीचं तोंड दिसलं.”

ओदेतबाईंनी एक ताट पुसलं, ठेवलं, दुसरं उचललं. गणिताच्या बाईंना अर्धवट सोडलेलं उदाहरण बघवत नाही.

“पण काय ठोकून देणार होतात?”

झुल्मीराने नळ बंद केला. खिडकीबाहेर फादर अन्सेल्मो निघायच्या तयारीत होते, पण त्यांना निघता येत नव्हतं. शेजारची सून, आठवा महिना लागलेली, हातात एक झाकलेली वाटी घेऊन त्यांच्या वाटेत उभी होती आणि तिच्यामागे आणखी एक पोटुशी होती.

“मुलगा,” झुल्मीरा म्हणाली. “छातीठोकपणे सांगितलं असतं.”

ओदेतबाईंच्या हातातलं ताट ओट्यावर टेकलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या स्टुलावर बसल्या, आणि मग त्या इतक्या हसल्या की, पुसायच्या फडक्याने त्यांना डोळे पुसावे लागले. झुल्मीराही हसली. जरा वेळाने तिने खिडकी हळूच लोटून घेतली.

“फादरांच्या कानावर घालू नका,” ती म्हणाली. “त्यांची आत्ता कुठे सुरुवात आहे.”