मळमळीचा भाव

भाव पाडण्यात विंचूरच्या हिरामणचा हात धरणारा अख्ख्या कांदा मार्केटात कुणी नव्हता! समोरच्याने आकडा उच्चारला, की त्यातले दोन कापल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

त्याच्या बायकोची, सविताची, केमोथेरपी नाशिकच्या एका दवाखान्यात चालू होती. तिथे मळमळीवरच्या नव्या औषधाचं संशोधन सुरू झालं आणि सविताने त्यात नाव दिलं. रोज संध्याकाळी शुभांगी सिस्टरचा फोन यायचा, "मळमळ दहापैकी किती?" शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव नकोसा!

फोन अर्थातच हिरामणने घेतला.

"आठ सांगा," सविता पडल्या पडल्या म्हणाली.

"आठ? मघाशी शेजारणीशी तर झकास बोलत होतीस! चार."

"अहो, पोटात लय ढवळतंय!"

"बरं, पाच. तुझंबी नाय, माझंबी नाय!" आणि फोनमध्ये, "पाच, मॅडम!"

खरं तर हिरामण मनातून पार हादरलेला होता. आकडा वाढला तर हिला संशोधनातून काढून टाकतील, मग सगळे उपचारच बंद होतील, अशी धास्ती त्याने घेतली होती. कुणाला विचारायची छाती नव्हती. म्हणून रोज तो आकडा थोडा थोडा खाली ओढत गेला. शेवटी तर तिला न विचारताच "एक!" सांगून मोकळा झाला.

संशोधन चालवणाऱ्या डॉक्टर अदिबा हरखल्या. असा निकाल कुणाचाच नव्हता! बाकीच्या डॉक्टरांना दाखवायला त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली, तेव्हाच सविता लिंबासारखी पिवळी पडली होती.

"या सविताताई. यांची मळमळ एकवर आली आहे!" डॉक्टर कौतुकाने म्हणाल्या, आणि सविताने सकाळचा चहा त्यांच्या बुटांवर परत केला!

"ताई, आत्ता किती?" डॉक्टरांनी घाईघाईने विचारलं.

"नऊ!"

"सात धरा!" हिरामणच्या तोंडून निसटलं.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग काय, रडकुंडीला येऊन त्याने सगळं ओकलं.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो दादा, आकडा वाढला की आम्ही औषध बदलतो! उपचार कशाला थांबवू? उगाच सोसलं हो त्यांनी!"

त्याच दिवशी औषध बदललं. दुसऱ्या संध्याकाळी सविताने फोन स्वतःच घेतला. "दोन," ती म्हणाली. मग हळूच, "खिचडी खाईन म्हणते."

हिरामण स्वयंपाकघरात धावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुकर लावला. सविताने घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. त्याने लगेच फोन उचलला, "सिस्टर! सिस्टर!"

"ठेवा तो फोन!" सविता खेकसली. "मळमळत नाय मला. मीठ किती घातलंय? खारट झालीय नुसती!"

कित्येक दिवसांनी तिला चव कळली होती. हिरामण तिथेच फरशीवर मटकन बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "बोल, अजून बोल!"