तोंगआजोबांनी मागून घेतलेली दारं

"दारं लागल्याने कुणाचं काही अडत नाही," असं तोंगआजोबांनी गल्लीच्या समितीत सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं. आता दारं लागली होती आणि तोंगआजोबांचंच अडलं होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

बीजिंगच्या त्या जुन्या गल्लीत घरोघरी संडास नव्हते. कोपऱ्यावर सगळ्यांचा मिळून एक. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. आत ओळीने बसायच्या जागा, मध्ये गुडघ्याएवढी भिंत. दारबीर काही नाही. सकाळी तिथे बसलं की गावभरच्या बातम्या कळत. कुणाचं लग्न मोडलं, कोबी कुठे चांगला मिळतो, कुणाच्या गुडघ्यांनी थंडीची वर्दी दिली. आत येणारा बसलेल्याला विचारी, "जेवण झालं का?" बसलेला म्हणे, "झालं, तुमचं?" यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

वाटलं ते सुनेला. सूयिंग दक्षिणेकडच्या शहरात, उंच इमारतीत वाढलेली. पहिल्यांदा सासरी आली तेव्हा पांगकाकू तिच्या शेजारी ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "मग, बाळाचं काही मनावर घेतलंय की नाही?" सून तशीच उठून परत आली. त्यानंतर ती दर वेळी मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलापर्यंत चालत जाऊ लागली. पोरीचे हाल बघून आजोबांचा जीव तुटला. त्यांनी समितीकडे खेटे घालघालून यंदा सून यायच्या आत भिंती वाढवून घेतल्या आणि दारं बसवून घेतली. आतून कडी असलेली.

सून खूश झाली. आजोबांचं पोट संपावर गेलं.

ते बसत आणि समोरच्या राखाडी दाराकडे बघत राहत. ना माणूस, ना आवाज. ज्या पोटाला जन्मभर गप्पांची सवय, ते म्हणे, 'कुणीच नाही? मग राहू दे.' शेजारी कुणी खोकलं तरी 'कोण ते?' विचारायची चोरी. दार लावलेल्या माणसाशी बोलायचं नाही, असं गल्लीने न सांगता ठरवूनच टाकलं होतं.

घरी सून उकडलेली रताळी देई, मधाचं पाणी देई. "बाबा, आज तरी?"

"होईल गं."

शेवटी तिने दवाखान्यात नाव घातलं. "नाश्ता झाला की निघू. नळी घालतात आणि मोकळं करतात. लाजायचं काय त्यात?"

आजोबा उठले. चपला घातल्या आणि कोपऱ्याकडे निघाले. शेवटचा प्रयत्न. आज दार उघडंच ठेवायचं. बघेल तो बघेल.

ते बसले. थोड्याच वेळात पांगकाकूंचा नवरा पांग आला. हा बसचा निवृत्त कंडक्टर. आता विचारणार जेवणाचं, म्हणून आजोबा आशेने बघू लागले. पण पांगने सभ्यपणे मान फिरवली.

"तोंगदादा, दार लावायचं राहिलंय तुमचं," म्हणत त्याने बाहेरून दार ओढलं. बसची दारं आपटण्यात हयात गेलेला हात तो. कडी आपोआप पडली आणि वाकून रुतली.

"पांग, दार उघड."

"तुम्हीच बसवून घेतलंत ना, दादा?"

"अरे, अडकलंय."

पांगने जोर लावला. मूठ निघून त्याच्या हातात आली. एवढ्यात सायकली दुरुस्त करणारा लुआन आला. "पाने घेऊन येतो," म्हणून तो दुकानाकडे पळाला.

"घाबरू नका, दादा," पांग शेजारी जाऊन बसला. "मी आहे इथे. बोलत राहतो, म्हणजे जीव घाबरणार नाही. तुम्हाला सांगतो, माझ्या मेव्हण्याने कबुतरं पाळलीत."

"कशाला?"

"शर्यतीला. सोडली की सगळी थेट सासुरवाडीला जाऊन बसतात. मेव्हणासुद्धा इतक्या वेळा गेला नसेल."

पलीकडून आणखी कुणी म्हणालं, "दाणे चांगले मिळत असतील तिथे." आजोबा हसले. हसता हसता थबकले. पोटाने कान टवकारले होते.

लुआन पाने घेऊन आला. संडासाबाहेरून सूयिंगचा आवाज आला, "बाबा, बरे आहात ना? गाडी आलीय दवाखान्यात जायला."

"झालंच, वहिनी. एक पेच राहिला," लुआन म्हणाला.

"लुआन, हात लावू नकोस," आतून घाईघाईचा आवाज आला. "पांग, कबुतरं परत कशी आणली ते सांग. सावकाश सांग."

पांगने सावकाश सांगितलं. मग लुआनने पेच काढला. तोंगआजोबा बाहेर आले ते ताप उतरलेल्या माणसासारखे, दमलेले आणि हलके.

"गाडी परत पाठव, पोरी. झालं काम."

सूयिंगचा चेहरा उजळला. "बाबा, मी बाहेर नुसती उभी नव्हते. तुमचं सगळं बोलणं बायकांच्या बाजूला ऐकू येत होतं. तुम्हाला किती संकोच वाटत असेल. समितीला फोन केला लगेच. उद्या गवंडी येतोय. भिंती छताला भिडवून देणार आहेत. आवाजसुद्धा बाहेर जायचा नाही."

आजोबांनी सुनेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत इतकी माया होती की रागवायचंही जमेना.

"गुणाची गं माझी पोर," ते दमल्या आवाजात म्हणाले आणि मागे वळले. "पांग, आत चल. जे काही उरलंय ते आजच उरकून घेऊ."