चहा न घेता सांगितलेला भाव

घराची किंमत जागा, बांधकाम आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यांवरून ठरते, असं शास्त्र आहे. ते लिहिणाऱ्यानं शिरूरमध्ये कधी घर विकायला काढलं नसावं.

गौतमीनं काढलं. नवरा विनोद दौंडला रेल्वेत. रविवारी घरी येणार, तेही मळके कपडे आणि आठवड्याची झोप घेऊन. इथलं विकून दौंडला घेतलं की संसार एका छताखाली येणार होता, एवढाच तिचा स्वार्थ. शेजारचं अगदी असंच घर दिवाळीत बत्तीस लाखांना गेलेलं. तिनंही बत्तीसच सांगितले.

गिऱ्हाइकं आली. बाहेरून घर बघताना सगळी खूश. मग बैठकीत पाऊल पडे, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब दिसत, आणि घराला तिथल्या तिथं दोष लागत. जिना चुकीच्या दिशेला वळे, बोअरचं पाणी न पिताच जड होई. जात मात्र कुणी म्हणजे कुणी काढली नाही. तालुका पुढारलेला आहे.

गौतमी प्रत्येकाला चहा ठेवायची. पहिल्याला शुगर निघाली, दुसऱ्याचा उपास, तिसरा आत्ताच घेऊन आलेला. (शुगरवाले लगेच कोपऱ्यावरच्या टपरीवर दिसले, चहात बिस्कीट बुडवताना. इतक्या झटपट गुण कुठल्या दवाखान्यात येत नाही.) यावरून तिला बाजारभावाचा नियम सापडला. कपाला हात न लावणारा पंचवीस सांगतो. कप उचलून, ओठांपर्यंत नेऊन परत ठेवणारा सव्वीस. मधल्या एका लाखाला समाजसुधारणा म्हणतात.

एजंट संपतनं उपाय काढला. "वहिनी, फोटो तेवढे व्यवहार होईस्तवर कपाटात ठिवा. भाव चढंल."

"आन् आम्ही कुठं बसायचं तवर? त्याच कपाटात?"

संपतनं मान खाली घातली. कमिशन मात्र कमी केलं नाही.

मग निमोण्याचे हौसराव आले. जयंतीला स्टेजवर बसणारे, समतेवर तासभर बोलणारे. त्यांनी बुद्धाला हात जोडले, चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायला, आलं झक्कास आहे म्हणाले आणि दुसरा कप मागितला. गौतमीला भरून आलं. मनातल्या मनात तिनं दौंडच्या खिडक्यांना पडदेसुद्धा लावले.

"बावीस देतो," हौसराव म्हणाले.

"आप्पा, ह्यो कंचा भाव?"

"आम्ही न्हाई मानत, ताई. पण उद्या इकायची येळ आली तर म्होरचा मानतो ना! त्याचं नुकसान म्या का सोसू?"

म्हणजे जे गिऱ्हाईक अजून आलंच नाही, त्याच्या विचारांचे दहा लाख गौतमीनं आजच भरायचे. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"त्या म्होरच्यालाच धाडा," ती म्हणाली. "त्याला बी बत्तीसच सांगंन."

हा म्होरचा अजून कुणाला भेटलेला नाही. कुणालाही विचारा, मी नव्हे, माझ्यानंतरचा, असंच सांगतात. तुम्ही तर शिकलेली माणसं, असलं मानतच नाही. हौसरावांना दोन शिव्याही हासडल्या असतील. छान. घर अजून विकायचंच आहे, बत्तीसलाच, आणि विनोद अजून रविवारचाच येतो. या की बघायला.

का हो, थांबलात? पुढंमागं विकायचा विचार आहे वाटतं.