दोनशे फॉर्म आणि खिडकी नंबर तीन

रविवारी सकाळी दोन बशा पोहे खाल्ल्यावर माणसानं कुणालाही मदतीचा शब्द देऊ नये. पोट भरलेलं असतं आणि जीभ सैल सुटते. मी नेमका तेव्हाच दिला.

बायकोची भाची मधु गुरसराय गावाहून येऊन आमच्याकडे, खंडेराव गेटला, राहते (घर मराठी, मुलूख हिंदी) आणि विद्यापीठात फार्मसीचं शेवटचं वर्ष करते. प्रबंधासाठी तिला दोनशे विद्यार्थ्यांकडून एक फॉर्म भरून हवा होता. डॉक्टरांना न विचारता अँटिबायोटिक घेता का, घेत असाल तर कधी आणि कुठून, असले प्रश्न. पुढच्या सोमवारी आकडे गाइडच्या टेबलावर गेले नाहीत तर प्रबंध सहा महिने पुढे, आणि भोपाळला मिळालेली नोकरी हातची जाणार. पोरगी चिंतेत होती.

मी त्याच विद्यापीठाच्या परीक्षा विभागात खिडकी नंबर तीनवर अठ्ठावीस वर्षं बसतोय. फॉर्म भरून घेण्यातच हयात गेली. "चार दिवसांत आणून देतो," मी म्हणालो. बदल्यात एकच अट घातली. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर माझं नाव यावं, वडिलांच्या नावासकट. (छापील कागदावर माझं नाव आजवर एकदाच आलंय, मतदार यादीत, आणि तिथेही स्त्रियांमध्ये.) शारदानं, म्हणजे बायकोनं, पोह्यांची कढई उचलताना माझ्याकडे एकदा पाहिलं.

मुलांचा माझ्यावर जीव आहे, कारण मी कनवाळू आहे. आमच्या घरी डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की ताप दुसऱ्याच दिवशी उतरतो, आणि उरलेल्या गोळ्या टाकून देणं जिवावर येतं. त्या मी ऑफिसच्या खणात ठेवतो. खिडकीशी कुणी शिंकलं की मार्कशीटबरोबर दोन गोळ्या सरकवतो. ऐन परीक्षेत कुणाचं लेकरू आजारी पडू नये, एवढाच हेतू.

सोमवारपासून मी प्रत्येक अर्जाबरोबर मधुचा फॉर्म द्यायला सुरुवात केली. त्यावर 'नाव लिहू नये' अशी स्पष्ट सूचना होती आणि ती मी काटेकोर पाळली. फक्त कोपऱ्यात लाल शाईनं रोल नंबर टाकला आणि विभागाचा गोल शिक्का मारला. (नंबर नसलेला कागद आमच्या खिडकीला कागद वाटतच नाही.)

एकानं विचारलं, "अंकल, इसमें फोटो भी लगेगी?"

मी म्हणालो, "लगा दो, क्या हर्ज है."

मंगळवारपासून सगळे फोटो लावून आले. एक मुलगी वडिलांची सही घेऊन आली. एकानं तर आपण ठणठणीत असल्याचा डॉक्टरी दाखला टाचून दिला. मुलं इतकी शिस्तीची निघाली की मला अभिमान वाटला.

गुरुवारी संध्याकाळी दोनशेचा गठ्ठा दोरीनं बांधून मी मधुपुढे ठेवला. तिनं दहा फॉर्म पाहिले, मग वीस, मग घाईघाईनं सगळे.

"काका, दोनशेच्या दोनशे 'कभी नहीं'."

"म्हणजे मुलं निर्व्यसनी आहेत," मी म्हणालो.

"माझ्या सहेलीने पण 'कभी नहीं' लिहिलंय. तिने परसों माझ्यासमोर दवा खाल्ली." मग तिनं लाल नंबरावर बोट ठेवलं. "हे कुणी लिहिलं?"

मी सांगितलं. तिनं ते फॉर्म नुसते एकावर एक सारखे करून ठेवले, आणि मला खरोखरच फार वाईट वाटलं. चार दिवस राहिले होते आणि पोरीची नोकरी मी शिक्का मारून घालवत होतो.

मग शारदानं कारभार हातात घेतला. चिवड्याच्या पत्र्याच्या डब्याला वरून फट पाडली. बिननंबराचे, बिनशिक्क्याचे कोरे फॉर्म आणि तो डबा विद्यापीठाच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या ठेल्यावर ठेवायचा, भरा आणि घडी करून टाका. आणि मी त्या ठेल्यावर चहासुद्धा प्यायचा नाही, असं ठरलं.

रविवारी डबा गच्च भरून घरी आला. मी घड्या उलगडत होतो (प्रत्येक फॉर्मला चिवड्याचा वास), मधु वाचत होती आणि शारदा रेघा मारत होती. दोनशेतल्या एकशे एकोणपन्नास मुलांनी गोळ्या घेतल्याचं कबूल केलं होतं. मधुचा चेहरा उजळला. मग आला पाचवा प्रश्न, औषध कुठून घेतलं.

"मेडिकल स्टोअर. दोस्त. मेडिकल स्टोअर." मधु थांबली. "अन्य. खिड़की नंबर तीन वाले अंकल."

कुणीतरी वात्रटपणा केला असणार, असं मी म्हणालो. आणखी चार घड्या उलगडल्या. "तीन नंबर वाले अंकल, दो गोली, मार्कशीट के साथ." शारदानं माझ्यासाठी वेगळा रकाना आखला. शेवटच्या घडीपर्यंत त्यात त्रेसष्ट रेघा झाल्या.

"अहो, इतके पेशंट आपल्या डॉक्टरांकडे तरी येतात का?" शारदा म्हणाली.

मधुनं मला समजावलं, तेही प्रेमानं. सर्दीला ह्या गोळ्या लागतच नाहीत, आणि लागतात तिथे अर्ध्यावर सोडल्या तर जंतू मरत नाहीत. "शिकून जातात, काका." आमच्या विद्यापीठात तेवढं तरी कुणीतरी शिकतंय, हे बोलायचा मोह मी आवरला.

सोमवारी आकडे वेळेवर पोचले. गाइड म्हणे खुर्चीतून उठून उभे राहिले. असला निष्कर्ष त्यांनी कुठे वाचला नव्हता. माझा खण रिकामा झाला. शारदानं त्यात लवंगा आणि ज्येष्ठमध भरून दिलं. आता खिडकीशी कुणी शिंकत नाही.

महिन्याभरानं मधु प्रबंध जमा करायला आली. प्रबंध जमा होतात ते खिडकी नंबर तीनवरच. मी आधी आभाराचं पान उघडलं. गाइड होते, आई-बाबा होते, शारदामावशी होती, ठेलेवाले भैयाजीसुद्धा होते. मी पान उलटून मागेही पाहिलं.

मधु खिडकीच्या जाळीतून हळूच म्हणाली, "काका, आभारात तर एक लाइन मिळाली असती. तुम्हाला पूरा चॅप्टर दिलाय."

तो मी उभ्या उभ्या वाचला. नाव कुठेच नव्हतं, नुसतं 'स्रोत क्रमांक चार, पुरुष, वय चौपन्न'. मग नियमाप्रमाणे कोपऱ्यात लाल नंबर टाकला, गोल शिक्का मारला आणि प्रबंध मिळाल्याची, मजकूर बरोबर असल्याची पोच माझ्या सहीनं दिली.