हिमराज्याच्या अखबारातील पहिल्या पानाची हकीकत

श्री. लेखणीस नमन, शाईस नमन, शाई थंडीने गोठते तेव्हा ती वितळविणाऱ्या चुलीस विशेष नमन. शके सतराशे बावन्न, विकृतिनाम संवत्सरी उत्तरेकडील एका हिमराज्यात साहित्याचा अखबार निघू लागला आणि त्याची गादी येलिसेयपंत चालवीत असत. पहिल्या पानावर महाराजांची स्तुती दाट अक्षरांत छापीत आणि शेवटच्या पानावर थट्टा, आणि रयतेने अशी रीत पाडली की अखबार शेपटाकडून वाचावा आणि पहिले पान न वाचताच फाडून मात्र्योना कोळणीस द्यावे. मग ती त्यात मासळी बांधून देई. त्या नगरात ग्लाफीराबाई म्हणून वृद्ध कवयित्री होत्या. त्यांचा पुत्र सवेली महाराजांच्या कवितेस हसला म्हणून बर्फाच्या किल्ल्यावर धाडला होता आणि त्याचे नाव घेण्यास मनाई होती. बाईंनी कविता केली की माझ्या सवेलीचे कान गारठले, त्यास टोपी कोण देईल. पंतांनी ती थट्टेत दडवून पाहिली, परंतु छाप्याआधी अखबार तपासणारे पोर्फिरीराव दरवेळी ती खोडीत आणि म्हणत, “पंत, माझेही कान मला प्रिय आहेत.”

मग महाराजांस कळले की रयत शेवटचे पान वाचते. आज्ञा जाहली की आमची कविता तेथेच छापावी. छापली, आणि रयतेने रिवाजाप्रमाणे ती थट्टा समजून पोट धरून हसून घेतले. पंतांस दरबारी नेले. महाराजांनी पुसले, “लोक का हसतात?” पंत बोलिले, “महाराज, सुखाने.” महाराज फार प्रसन्न जाहले आणि म्हणाले, “मग दर आठवड्यास सुख देऊ.” ऐसे शेवटचे पान गेले. ग्लाफीराबाई काठी टेकीत छापखान्यात आल्या आणि म्हणाल्या, “मेल्या, होते ते एक पानही देऊन बसलास?” पंत म्हणाले, “मावशी, रागावू नका. पोर्फिरीराव आता भिंग घेऊन महाराजांच्या ओळीच तपासतात, काना चुकला तर मान जाईल म्हणून. पहिल्या पानावर न पाहता शिक्का मारतात. तेथे घालू.” “ते तर कोणीच वाचीत नाही!” “छापून तरी येईल.” बाई खिन्न होऊन वदल्या, “छापलेली टोपी कानास लागत नाही रे.” तरी घातली. आणि स्तुतीच्या दाट ओळी गेल्या, चार आखूड ओळी आल्या, भोवती सगळे पांढरे, जणू मैदानात एकटा उभा

(येथे मूळ कागदावर माशाचे तेल सांडले आहे, अक्षर लागत नाही)

आणि रयतेने पान न वाचताच फाडून कोळणीस दिले आणि कोळणीने मासळी बांधली आणि मासळी घरोघर गेली. मग स्वयंपाकघरात पुडे सुटले आणि एवढे पांढरे पाहून लोकांचे डोळे थबकले. पोर्फिरीरावांचे घरीही पुडा सुटला. कुटुंबाने मोठ्याने वाचले आणि पुसले, “अहो, हा सवेली कोण?” रावांचा घास अडकला. ओरडावे तर पहिले पान वाचले नाही हे उघडे पडते. मग म्हणाले, “काटा लागला,” आणि निमूट जेवले. दुसऱ्या बाजारी गिऱ्हाइके मात्र्योनेस म्हणू लागली, “मासा लहान चालेल, कागद मोठा दे.” ती म्हणे, “कागद चाटाल का रे भाड्यांनो?” आणि देई. मग छापखान्याच्या दारी लोकरीच्या टोप्या येऊ लागल्या, लाल, करड्या, एक कान विणायचा राहिलेल्या, सगळ्यांस मासळीचा वास, आणि त्यांत एक फार उंची, आत पोर्फिरीरावांच्या कुटुंबाचे नाव विणलेली. बाईंनी एकेक हुंगून गाडीत घातली.

तात्पर्य, हिमराज्याच्या अखबाराचे पहिले पान एकदाच वाचले गेले. किल्ल्यावर टोप्या इतक्या पोचल्या की कैद्यांस पुरून उरल्या, मग पहारेकरीही घालू लागले, आणि टोपी कोणाची म्हणून पुसले असता सगळे बिनदिक्कत सांगत, “सवेलीची.”