ग्यालपोची आंघोळ

चोसफेलच्या तंबूत दोन टकळ्या चालायच्या. एक त्याच्या बायकोच्या, यांगडोलच्या हातात. तिच्यातून कोळ्यानंही मान खाली घालावी असं पश्मिन्याचं सूत निघायचं. दुसरी चोसफेलच्या तोंडात. तिच्यातून काय निघायचं ते साऱ्या चांगथांग पठाराला ठाऊक होतं!

"उद्या मेळ्यात पहिला नंबर आमच्या ग्यालपोचा!" त्यानं सकाळीच शेजारच्या मुटुपला ऐकवलं. "तुझाही बोकड आण हो. हरायला कुणीतरी लागतंच!"

यांगडोल गावात जायला निघाली होती. जाताना तिनं नवऱ्याला बजावलं, "आबा-ले, ग्यालपोची धूळ तेवढी झटका. बाकी काही करू नका. आपल्या लेकीच्या, डोलकरच्या लग्नाची शाल त्याच्या लोकरीची करायचीय मला."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर बरोबर नेलं असतं!"

ती गेली आणि चोसफेलनं बोकडाकडे नीट पाहिलं. ग्यालपो म्हणजे राजा, आणि होताही राजाच, पण चुलीच्या धुरानं रंग पार खारट चहासारखा झालेला! नुसतं झटकून काय होणार? त्यानं कपड्यांच्या साबणाची वडी उचलली आणि ग्यालपोला गरम पाण्याच्या झऱ्यावर नेलं. काय चोळला, काय घासला! उलटा घासला, सुलटा घासला. फेसातून नुसती शिंगं दिसत होती. शेवटी बोकड असा पांढरा निघाला, की चोसफेलनं स्वतःचीच पाठ थोपटली.

मग वारा सुटला. लोकर वाळली. चोसफेलनं कंगवा घेतला आणि पाठीवर टेकवला. कंगवा आत जाईना. त्यानं बोट घालून पाहिलं. बोटही जाईना! टिचकी मारली, तर आवाज आला, "टप!"

गरम पाणी, साबण आणि घासणं. अरे देवा! त्याची आई याच रीतीनं तर लोकर थापून घोड्याच्या खोगिराखालचा नमदा बनवायची! त्यानं जिवंत बोकडाचा नमदा केला होता!

ग्यालपोला मान वाकवता येईना. गवत खाली आणि तोंड वर. नव्या बुटांतल्या नवरदेवासारखा तो चारी पाय ताठ टाकत चालू लागला, आणि नेमका तेव्हाच मुटुप आला.

"अरे, हा असा काय चालतोय?"

"राजा आहे. ऐटीत चालतो," चोसफेल मध्ये आडवा उभा राहत म्हणाला.

"आणि खात का नाही?"

"उपास आहे!"

मुटुपनं वाकून बोकडाच्या पाठीवर हात ठेवला आणि विंचू चावल्यासारखा मागं उडाला. "लाकूड झालाय रे हा! रोग! रोग आलाय!"

"अरे, रोग नाही!"

"मग काय आहे?"

आता काय सांगणार? चोसफेल आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला, आणि तिथंच घात झाला. घटकाभरात तळावर हलकल्लोळ! कुणी शेळ्या डोंगराकडे पिटाळतंय, कुणी तंबूच्या दोऱ्या सोडतंय, कुणी धुनी पेटवतंय. मुटुपनं मोटारसायकलवरून थेट गाव गाठलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना वर्दी दिली. उद्याच्या मेळ्याच्या परीक्षकही त्याच. दुपार कलली तेव्हा त्यांची जीप धुरळा उडवत आली, आणि तिच्यातून आधी कोण उतरलं? यांगडोल!

चोसफेलला वाटलं, जमीन दुभंगावी आणि बोकडासकट पोटात घ्यावं.

डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला, डोळे पाहिले, पाठ ठोकली. "रोगबिग काही नाही. जनावर ठणठणीत आहे. फक्त त्याची सतरंजी झालीय!"

यांगडोलनं बोकडाला नाक लावलं. "आबा-ले," ती हळूच म्हणाली, "साबण?"

अख्खा तळ हसून लोळला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "आतून ओला आहे. हे कापून काढायला हवं, आत्ता. पण संध्याकाळच्या वाऱ्यात उघडा पडला तर सकाळ बघायचा नाही."

हसणं थांबलं. यांगडोल कात्री घेऊन बसली. चोसफेलनं शिंगं धरली. नमदा अखेर एकसंध सुटला, आणि खालून निघाला सोललेल्या बटाट्यासारखा एवढासा ग्यालपो! तो थरथरू लागला. पुढचे पाय दुमडले. चोसफेलनं अंगातला गोंचा, तो जाड लोकरी झगा, ओरबाडून काढला, बोकडाला चढवला, कमरेला पट्टा आवळला आणि त्याला उचलून चुलीपाशी नेलं. छातीशी घट्ट धरून तो पुटपुटत राहिला, "मरू नकोस रे राजा. नंबर गेला खड्ड्यात. तू मरू नकोस!"

यांगडोल चुलीत शेणी सारत राहिली. बऱ्याच वेळानं ग्यालपोनं मान वळवली आणि चोसफेलची टोपी चावायला घेतली. चोसफेल ढसाढसा रडला. टोपी त्यानं खुशाल खाऊ दिली.

"डोलकरची शाल आता बाकीच्या शेळ्यांच्या लोकरीची," यांगडोल डोळे पुसत म्हणाली. "आणि विंचरायच्या सगळ्या तुम्ही. एकट्यानं!"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मेळ्याला गेली. चोसफेल तंबूत गोधडी पांघरून बसला होता, कारण घरातला एकुलता एक गोंचा ग्यालपोच्या अंगावर दाराबाहेर उन्हात बसला होता. दुपारी पलीकडच्या तळावरचे मेमे, म्हणजे आजोबा, स्तोबदान आले. म्हाताऱ्याला दिसायचं बेताचंच. ते दाराशी गोंच्याशेजारी टेकले आणि त्याच्याशीच बोलू लागले. गवत, लांडगे, सुनेचा स्वभाव, गुडघेदुखी! चोसफेल आतून सगळं ऐकत होता, पण विजारीवर बाहेर जायची लाज वाटत होती.

यांगडोल परत आली तेव्हा मेमे उठतच होते.

"पोरी, तुझा नवरा सुधारला गं!" ते गहिवरून म्हणाले. "इतकी वर्षं येतोय, आज पहिल्यांदा त्यानं माझं पूर्ण ऐकून घेतलं!"